सपाट रस्ता

आमच्या गल्लीच्या तोंडापासून भाजीवाल्या मावशीच्या पाटीपर्यंत माझ्या बायकोची तीनशे अठरा पावलं होतात. माझी दोनशे चाळीस. हा आकडा मी काढला तेव्हा तिची नजर जाऊन दोन वर्षं होत आली होती. साखरेनं आधी डावा डोळा गेला, मग उजवा. आता उजेड कुठल्या बाजूला आहे ते तिला कळतं, आणि समोर मोठी वस्तू आली तर काळोखी आल्यासारखी वाटते. तेवढंच. तिला एकटीनं बाजारात जायचं होतं, म्हणून मी एका रविवारी तिच्या शेजारून चाललो आणि प्रत्येक पाऊल मोजलं. दुसऱ्या रविवारी परत मोजलं. तीनशे सोळा आलं. तिसऱ्यांदा तीनशे अठरा. मग तो आकडा तिच्याकडून पाठ करून घेतला आणि माझ्या मनाचं समाधान झालं.

डॉक्टरांनी पांढरी काठी सुचवली होती. ती तिनं घेतली नाही. "काठी घेऊन गेले तर वांगी किडकी घालतील," ती म्हणाली. त्याऐवजी तिनं माझी जुनी लांब दांड्याची छत्री उचलली. बाराही महिने, भर एप्रिलमध्येसुद्धा, छत्री मिटलेली हातात. बाजारात त्यावरून थट्टा व्हायची. चपलांचा दुकानदार हाक मारायचा, "भाभी, आज बारिश पक्की है क्या?" आणि ती न थांबता उत्तर द्यायची, "पक्की आहे. चपला आत घे." त्यातल्या निम्म्या लोकांना तिला दिसत नाही हे माहीत नव्हतं, आणि तिला ते तसंच हवं होतं.

मी काल्हेरच्या एका गोदामात स्टॉक सांभाळतो. किती खोकी आली, किती गेली, किती असायला हवीत आणि किती आहेत, हे पाहणं माझं काम. सुट्टी रविवारी. ती रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी निघायची आणि घरी पोचली की मला एक मिस्ड कॉल द्यायची. पंचवीस मिनिटांत यायचा. कधी सत्तावीस. तो वाजेपर्यंत माझं लक्ष खोक्यांत नसायचं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मला भीती गटाराची होती. निजामपुऱ्याच्या कडेनं जाणारा आमचा बाजाराचा रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. एका बाजूला फुटलेला फुटपाथ, त्याला लागून गटार, गटाराला दगडी कड. काही ठिकाणी वर लाद्या, काही ठिकाणी नुसता खड्डा. रस्त्यावर रिक्षा, टेम्पो, सुताच्या गोण्या आणि बीम नेणाऱ्या हातगाड्या. बीम म्हणजे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, चढवायचा, सूत गुंडाळलेला जाडजूड लोखंडी रूळ. तो गाडीवर आडवा टाकतात आणि त्याची दोन्ही टोकं बाहेर येतात. माणसानं चालायचं कुठून, हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं, कारण सगळे कुठून ना कुठून चालतच होते.

मग तो प्रश्न विचारला गेला. रस्ता पायी चालणाऱ्यांसाठी नव्यानं बांधायचा असं महापालिकेच्या एका योजनेत ठरलं. शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. योजनेच्या ऑफिसातल्या एक तरुण इंजिनियर मॅडम आल्या होत्या. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. दिवसा गाड्या बंद, कुंड्यांत झाडं, बसायला बाकं, म्हाताऱ्यांसाठी बॅटरीची रिक्षा. व्यापाऱ्यांनी गलका केला. "गिऱ्हाईक बाकावर बसलं तर दुकानात कोण येणार?" असं एकानं विचारलं. मागून कुणीतरी म्हणालं, "तू बाकावरच दुकान लाव." सगळे हसले. मॅडमही हसल्या, पण त्यांचा हात कागदांवर घट्ट होता.

हसणं थांबल्यावर मी उठलो. माझ्याकडे लिहून आणलेला एक कागद होता. दोन रविवार टेप लावून मी तो रस्ता मोजला होता. आमच्या गल्लीपासून मावशीच्या पाटीपर्यंत गटार अकरा ठिकाणी उघडं. फुटपाथ एकोणीस ठिकाणी तुटलेला. पायरी कुठे चार इंच, कुठे चौदा. शेवटी दोन ओळी लिहिल्या होत्या: गटार पूर्ण झाकावं. फुटपाथ, गटाराची कड आणि रस्ता हे सगळं भिंतीपासून भिंतीपर्यंत एकाच पातळीत घ्यावं. खाली सही.

मॅडमनी कागद दोनदा वाचला. "काका, आम्हाला इतकं नेमकं कुणीच देत नाही," त्या म्हणाल्या. त्या रात्री मला चांगली झोप लागली.

घरी मी बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "कड ठेवणार ना?"

"कड कशाला? सगळं सपाट. कुठे ठेचसुद्धा लागणार नाही."

"सगळं म्हणजे, पार सगळं?"

"पार सगळं."

तिनं भाकरी उलटली. मला वाटलं, ऐकून बरं वाटलं असेल.

काम चालू होतं तेवढे महिने ती बाजारात गेली नाही. भाजी मी संध्याकाळी येताना आणायचो, आणि मी आणलेली भाजी तिला आवडायची नाही. ती मेथीची जुडी हातात घेऊन वास घ्यायची आणि म्हणायची, "कालची." खरंच कालची असायची. घरात ती गप्प होत चालली होती. मी म्हणायचो, थोडे दिवस आहेत, मग बघ रस्ता कसा होतो.

रस्ता झाला. खरं सांगायचं तर तो देखणा झाला. राखाडी फरशी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकसारखी. मी पायानं चाचपून पाहिलं. कुठेही अर्ध्या इंचाचा फरक नव्हता. संध्याकाळी आजूबाजूच्या बायका पहिल्यांदाच नुसत्या फिरायला म्हणून खाली उतरल्या. लूमवरची माणसं शिफ्ट सुटल्यावर बाकांवर पाय पसरून बसली. पहिल्या रविवारी मी बायकोला घेऊन गेलो. तिनं माझ्या शर्टाची बाही धरली होती, आणि ती इतकी घट्ट की घरी आल्यावर शिवण उसवलेली दिसली. मला वाटलं, गर्दीमुळे.

सोमवारपासून ती एकटी जाऊ लागली. मिस्ड कॉल सोमवारी एक्केचाळीस मिनिटांनी आला. मंगळवारी चव्वेचाळीस. बुधवारी एकोणचाळीस. गुरुवारी सत्तेचाळीस. मी हे आकडे डायरीत लिहिले. गोदामात एखाद्या मालाचा हिशेब चार दिवस लागोपाठ चुकला असता तर मी गोदाम उलटं करून पाहिलं असतं. इथे मी स्वतःच एक कारण काढलं आणि त्यावर विश्वास ठेवला. वाटेत बाकावर बसत असेल, असं ते कारण होतं.

पाचवा दिवस शुक्रवार.

दहा वाजले. मिस्ड कॉल नाही. दहा दहा. दहा वीस. मी फोन केला, नुसता वाजत राहिला. पुन्हा केला. मग शेजारच्या वहिनींना केला. त्या जिन्यापर्यंत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "भावोजी, कुलूप आहे."

मी सुपरवायझरला सांगितलं आणि मोटारसायकल काढली. काल्हेरहून आमच्याकडे यायला रस्ता मोकळा असेल तर पंचवीस मिनिटं लागतात. तो मोकळा कधीच नसतो. पूर्णा गाव ओलांडल्यावर कंटेनरची रांग लागली होती. मी दोन कंटेनरच्या मधून गाडी घातली आणि अडकलो. डावीकडे चाक, उजवीकडे चाक, दोन्ही माझ्या खांद्याइतकी उंच. मी चाकं मोजत होतो. एका बाजूला अकरा. दुसरीकडची मोजून होण्याआधी रांग हलली. अंजूरफाट्याला फोन हातात घेऊन पाहिला. काही नव्हतं. मला तेव्हा एकच दिसत होतं: ती गटारात पडली आहे. मग आठवायचं की आता गटार नाही. मग भीती आणखी वाढायची, कारण ती कशात पडली असेल हे मला सुचत नव्हतं.

रस्त्याच्या तोंडाशी गाडी लावली आणि आत धावत गेलो. काहीतरी वेगळं वाटत होतं. थोडं पुढे गेल्यावर कळलं की आवाज नाही. शुक्रवारी लूम बंद असतात. त्या दिवशी मी कायम काल्हेरला असतो, त्यामुळे इतक्या वर्षांत भर सकाळी त्या रस्त्यावरची ही शांतता मी ऐकलीच नव्हती. माणसं होती, बोलणं होतं, पण रोज जी खडखड भिंतीतून अंगात शिरते ती नव्हती. पोरं सायकली घेऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तिरकी जात होती. बॅटरीची रिक्षा माझ्या कोपराजवळून गेली तेव्हा ती आल्याचं मला कळलं.

मावशी पाटीमागे बसली होती. ती खाडीकडच्या गावातून रोज भाजी घेऊन येते.

"मावशी, ही आली होती?"

"न्हाय आली आज. मी पन वाट बघतंय." तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "कवा निघाली?"

"नऊ दहाला."

"देवा." मावशी उठून उभी राहिली. "आज शुक्रवार हाय ना. शुक्रवारची ती कड धरून येत होती. छत्रीचा टोक कडेला लावून, घासत घासत. आता कड कुठं ठेवली तुमी?"

मी म्हणालो, "ती पावलं मोजून येते."

मावशीनं हातानंच रस्त्याच्या पलीकडच्या टोकाकडे दाखवलं. "तिकडं बघा. आधी तिकडं बघा."

पलीकडच्या टोकाला आपला सपाट रस्ता संपतो आणि टेम्पोंचा रस्ता लागतो. गाड्या आत येऊ नयेत म्हणून तिथे लोखंडी खांब रोवले आहेत. पण तिथेही पातळी एकच. फरशी संपून डांबर कधी सुरू झालं हे पायाला कळत नाही. मीच तसं लिहून दिलं होतं.

ती खांबांच्या बाहेर होती. शेवटच्या खांबाला दोन्ही हातांनी धरून उभी होती, पाठ रस्त्याकडे. मागून टेम्पो जात होते. एकाच्या मागच्या फाळक्याची साखळी लोंबत होती. ती साखळी तिच्या पदराला लागून गेली आणि पदर हलला. ती हलली नाही. छत्री पायाशी पडली होती, तिची काडी मोडून चाकाखाली सपाट झालेली. पुढच्या रविवारी जाऊन मी खांबापासून चाकांच्या खुणांपर्यंत टेप लावली. दोन फूट आठ इंच.

मी तिच्या हातावर हात ठेवला तर तिनं झटका देऊन मला ढकललं.

"मी आहे. मी."

तिनं माझा चेहरा चाचपला, नाक, चष्मा. मग विचारलं, "माझ्या मागं काय हाय?"

"रस्ता. टेम्पोंचा."

"मना वाटलाच," ती म्हणाली. ती शहरात लहानाची मोठी झालेली नाही. कशेळीच्या बाजूचं तिचं माहेर. एरवी ती माझ्यासारखंच बोलते. घाबरली किंवा चिडली की माहेरचं बोलणं बाहेर येतं. तिचे हात खांबावरून सोडवताना मला एकेक बोट उचलावं लागलं. फोन तिच्या पिशवीत वाजला होता, पण तो घ्यायला हात सुटले नव्हते. तळव्यांवर गंजाचा पट्टा उठला होता.

घरी आल्यावर पाणी प्यायला दिलं. थोड्या वेळानं मी विचारलं, "कुणाला विचारलं का नाहीस?"

"विचारलं की. दोघांना विचारलं, भाई, निजामपुरा किस तरफ?"

"मग?"

"एक म्हणाला, उधर. मी म्हटलं, उधर किधर? तर म्हणाला, अरे उधर, दिखता नहीं क्या?" हे सांगताना ती हसली, आणि मग हसता हसता तिला रडू आलं. नजर गेल्यापासून तिला मी पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

त्या दुपारी तिनं मला तिचा रस्ता सांगितला. पहिल्या गल्लीत दोन्ही बाजूंना लूम, तिथे आवाज भिंतीसारखा अंगावर येतो. दुसऱ्या गल्लीत एकच कारखाना, त्यात एक लूम सैल आहे, ती तीन ठोक्यांनंतर अडखळते. तिसऱ्या गल्लीत लूम नाहीत, पावाच्या भट्टीचा वास. तिथून उजवा कान चपलांच्या दुकानातल्या रेडिओकडे ठेवला की समोर मावशी. आणि हे सगळं चालू असताना छत्रीचं टोक गटाराच्या कडेवर. शुक्रवारी लूम बंद आणि रेडिओही उशिरा लागतो, तेव्हा नुसती कड. सोमवार ते गुरुवार आवाजांवर कसंबसं निभावलं होतं. मध्ये रस्ता इतका रुंद लागायचा की तोल गेल्यासारखं व्हायचं, म्हणून थांबत थांबत जायची. बाकावर ती एकदाही बसली नव्हती. बाकं कुठे आहेत हे तिला नडगीला लागल्यावर कळलं होतं. तिनं साडी वर करून दाखवलं. दोन्ही नडग्यांवर निळे डाग होते.

"आणि तीनशे अठरा?" मी विचारलं.

"ते मी पहिल्याच आठवड्यात सोडलं. चिखल असला की पावलं लहान पडतात. कुणी मध्ये बोललं की आकडा जातो. तुम्हाला बरं वाटायचं, म्हणून बोलले नाही."

मी म्हणालो, "मला का नाही सांगितलंस, मी कागद दिला तेव्हा?"

"तुम्ही मोजून आला होतात. दोन रविवार उन्हात बसून. तुमच्या मोजण्यापुढं मी काय बोलू? मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल त्यातलं."

मला ठाऊक नव्हतं. ती ज्या कडेच्या आधारानं चालत होती त्या कडेची उंची मी टेप लावून मोजली होती, आणि तिला एकदाही विचारलं नव्हतं.

मी ठरवून टाकलं की आता एकटीनं जायचं नाही. तसं सांगितलंही. तिनं कपाळावर हात मारला. "तुमी मना घरान बसवनार काय?"

"बसवत नाही. मी आणतो ना भाजी."

"कालची," ती म्हणाली. त्यानंतर तीन दिवस तिनं माझ्याशी जेवणापुरतं बोलणं ठेवलं. मी तिला समजावायला गेलो की ती खिडकीकडे तोंड करायची, जिथे उजेड आहे तिथे. मला तिचा राग सोसवत नव्हता, आणि तिला सोडायची भीतीही सोसवत नव्हती. रोज सकाळी नऊ दहाला काल्हेरला मी फोन हातात घेऊन बसायचो, ती घरात आहे हे माहीत असूनसुद्धा.

चौथ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी मॅडमच्या ऑफिसात गेलो. म्हणालो, "माझा कागद मला मागे घ्यायचा आहे."

त्यांना आधी कळेना. मग त्यांनी फाइल काढली. माझा कागद पहिल्याच पानावर होता, त्यावर हिरव्या शाईत खुणा. मी सगळं सांगितलं, खांब, टेम्पो, दोन फूट आठ इंच. त्या ऐकता ऐकता पांढऱ्या पडल्या. त्यांनी माझा कागद पुढे केला नाही. म्हणाल्या, "ही चूक तुमच्या एकट्याची नाही, काका. मीही पाहिलं नाही." मग म्हणाल्या, "मी शुक्रवारी येते. मला त्यांच्यासोबत चालायचंय."

त्या आल्या, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी ओढणी डोळ्यांवर बांधली. बायकोला ते आवडलं नाही. "नका बांधू, पोरी," ती म्हणाली, "तुम्हाला सवय नाही." मॅडमनी ऐकलं नाही. चपलांचा दुकानदार दुकान सोडून तिथपर्यंत आला. "क्या मॅडम, आंधळी कोशिंबीर?" माणसं जमली. मॅडम सरळ चालायला लागल्या असं त्यांना वाटत होतं. सव्विसाव्या पावलाला त्या कुंडीवर आदळल्या, एकतिसाव्याला त्यांना दिशा उरली नाही. त्या हात पुढे करून गोल फिरल्या आणि एकदम हाक मारली, "काकू, कुठे आहात?" माझी बायको आवाजाच्या दिशेनं सरळ गेली आणि तिनं त्यांचा हात धरला. ओढणी सोडली तेव्हा मॅडमचे डोळे भरलेले होते. चपलांच्या दुकानदारानं त्यांना पाणी आणून दिलं. मग माझ्या बायकोकडे बघत राहिला. त्याला तेव्हा कळलं. "भाभी," तो म्हणाला, "आप तो मेरे को रोज जवाब देती थी."

"अजून पण देईन," ती म्हणाली.

उभ्या रेघा असलेल्या फरशांची एक पट्टी टाकायची असं ठरलं, पायाला आणि काठीला कळेल अशी. जागा तिनं सांगितली: दुकानांच्या बाजूला नको, माल मांडतात, मधोमध नको, सायकली असतात, जिथे जुनी कड होती बरोबर तिथेच. मॅडमनी लिहून घेतलं. मी टेप धरली होती, पण या वेळी आकडा तिनं पाय ठेवून सांगितला आणि मग मी मोजला.

पट्टी तिसऱ्या गल्लीपर्यंत झाली आणि काम थांबलं. फरशा यायच्या आहेत. कधी, ते मॅडमनाही सांगता येत नाही. पुढे मावशीपर्यंत एकशे बावन्न फूट सपाटच आहे. लूम चालू असतात त्या दिवशी ती रेडिओवर जाते. शुक्रवारचं काय, यावर आमचं भांडण झालं, आणि ते मावशीनं सोडवलं. "मी वरडते," मावशी म्हणाली. "नऊ वीसपासून. ती माझ्या आवाजावर येईल." बायको म्हणाली, चालेल. तिनं छत्रीऐवजी आता पांढरी काठी घेतली आहे. तीही तिनं स्वतःच मागितली.

मी म्हणालो, पहिल्या शुक्रवारी मी रजा घेतो.

"या," ती म्हणाली. "पण पट्टी आहे तिथपर्यंतच. पुढं यायचं नाही आणि बोलायचं नाही. कबूल असलं तर या."

मी कबूल केलं.

त्या शुक्रवारी ती पुढे आणि मी दहा पावलं मागे. काठी रेघांवर खरखरत होती. एका ठिकाणी बादल्यांची चळत पट्टीवरच ठेवलेली होती. तिनं काठीनं ती वाजवली आणि दुकानदाराला दोन शब्द ऐकवले. तो पळत येऊन बादल्या उचलू लागला. भट्टीच्या वासाशी पट्टी संपली. ती थांबली. मी थांबलो.

पुढून मावशीचा आवाज येत होता. "मेथी घ्या, चवली घ्या, लाल माठ..." बायकोनं मान थोडी तिरकी केली आणि सपाटावर पाऊल टाकलं. सरळ जात होती. मी मोजायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मोजत होतो. चाळीसपर्यंत सरळ. एक सायकल तिच्या पुढून गेली, तिनं वाऱ्यावरून ओळखलं असावं, क्षणभर थांबून पुन्हा चालली.

आणि मावशीचा आवाज बंद झाला.

मला दिसत होतं. एक गिऱ्हाईक आलं होतं आणि मावशी वजन करत होती. खाली पाहून, तोंड मिटून. बायको रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. काठी तिनं अंगाशी घेतली. लूम बंद, रेडिओही अजून लागलेला नव्हता. तिच्या डाव्या बाजूनं बॅटरीची रिक्षा येत होती, आवाज न करता. रिक्षावाला मागे बसलेल्या म्हाताऱ्याशी बोलत होता.

माझ्या तोंडाशी हाक आली होती. मी हाक मारली असती तर ती माझ्याकडे वळली असती, म्हणजे रिक्षाच्या वाटेवर. हे मला त्या वेळी कळत होतं की मी नुसता कबूल केलेलं पाळत होतो, ते आता सांगता येत नाही. माझे पाय पट्टीच्या शेवटच्या रेघेवर होते. ती हलली नाही. खांबाशी उभी होती तशीच, पण या वेळी धरायला काही नव्हतं. रिक्षावाल्यानं मान वर केली, तिची पांढरी काठी पाहिली आणि हँडल वळवलं. रिक्षा तिच्यापासून हातभर अंतरावरून गेली. तिचा पदर हलला.

मग मावशीनं वर पाहिलं, आणि तिच्या तोंडून जी आरोळी निघाली ती भाजीची नव्हती. "मी हतं हाय! हतं! ये सरल!" सगळा रस्ता वळून बघायला लागला. बायकोला ते बघणं कधीच नको होतं. तिनं काठी पुढे टाकली आणि त्या सगळ्यांच्या मधून चालू लागली.

ती पोचली. मला लांबून दिसलं, मेथीची जुडी नाकाशी धरलेली. तिथपर्यंत मी गेलो नाही. कबूल केलं होतं.

आता पुढचे शुक्रवार मी काल्हेरलाच असतो. साडेदहापर्यंत फोन करायचा नाही, असंही तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं आहे. नऊ वीस झाले की मी माल मोजायचं काम दुसऱ्याकडे देतो, कारण त्या वेळात माझे आकडे चुकतात.